वायरलेस स्प्लिट कीबोर्डचा उजवा भाग सारखा तुटतो: दोष कुठे शोधायचा आणि नवा घेताना काय पाहायचे

उजव्या हाताची अक्षरे मध्येच गायब होतात आणि दोन-चार सेकंदांनी सगळी एकदम येऊन पडतात. कधी एकच अक्षर ओळभर उमटत राहते. कीबोर्ड बंद करून चालू केला की काही वेळ सुरळीत चालतो, आणि ऐन मीटिंगमध्ये पुन्हा तेच सुरू होते. मनगटाच्या किंवा खांद्याच्या दुखण्यामुळे ज्यांनी घरच्या कामासाठी वायरलेस स्प्लिट, म्हणजे डावा आणि उजवा असे दोन सुटे भाग असलेला, मेकॅनिकल कीबोर्ड घेतला, त्यांच्याकडून मला सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार हीच आहे. वाईट याचे वाटते, की बरेच जण कंटाळून जुन्या अखंड कीबोर्डकडे परत जातात आणि दुखणेही परत येते. खरे तर हा दोष बहुतेक वेळा एक पैसाही खर्च न करता जातो.

यावर सहसा केला जाणारा उपाय म्हणजे लॅपटॉपच्या ब्लूटूथ यादीतून कीबोर्ड काढून टाकायचा आणि पुन्हा जोडायचा. कोणी ड्रायव्हर बदलतो, कोणी लॅपटॉपच फॉरमॅट करायला निघतो. एवढे करूनही दोष तसाच राहतो, कारण बहुतेक वायरलेस स्प्लिट कीबोर्डांमध्ये उजवा भाग लॅपटॉपशी थेट बोलतच नाही.

जोडण्या दोन असतात

आज मिळणाऱ्या वायरलेस स्प्लिट कीबोर्डांपैकी मोठा वर्ग झेडएमके या मुक्त फर्मवेअरवर, म्हणजे कीबोर्डच्या आतच चालणाऱ्या प्रोग्रॅमवर, चालतो. हा प्रकल्प २०२० साली सुरू झाला आणि तो झेफिर या छोट्या कार्यप्रणालीवर उभा आहे. मोएर्गोचा ग्लोव्ह८० आणि किनेसिसचा अ‍ॅडव्हान्टेज३६० प्रोफेशनल हे तयार कीबोर्ड त्यावरच चालतात. कॉर्न, लिली५८, सोफले यांसारखे हाताने जुळवलेले कीबोर्ड वायरलेस करायचे झाले तर तेही बहुधा झेडएमकेवरच असतात आणि आत नाइस नॅनोसारखा एक छोटा बोर्ड असतो. या बोर्डावरची चिप नॉर्डिक कंपनीची, एनआरएफ५२८४० नावाची.

या रचनेत दोन भागांपैकी एक मुख्य आणि दुसरा दुय्यम असतो. सहसा डावा मुख्य, उजवा दुय्यम. उजव्या भागावर कळ दाबली की ‘अमुक जागेवरची कळ दाबली गेली’ एवढाच निरोप ब्लूटूथने डाव्या भागाकडे जातो. ती कळ म्हणजे कोणते अक्षर, कोणता लेअर (त्याच कळांना दुसरी अक्षरे किंवा कामे देणारा थर) चालू आहे, हे सगळे डावा भाग ठरवतो आणि मग लॅपटॉपला कळवतो. लॅपटॉपच्या ब्लूटूथ यादीत एकच कीबोर्ड दिसतो तो यामुळेच. म्हणजे उजव्या हाताचे अक्षर हवेतून दोनदा प्रवास करते, डाव्या हाताचे एकदाच. लॅपटॉपशी पुन्हा पेअर करून आपण दुसरी जोडणी ताजी करतो. तुटत असते पहिली.

यातून तपासणीची एक सोपी पद्धत निघते. डावा भाग यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडा आणि कीबोर्डचे आउटपुट यूएसबीवर घ्या. आता लॅपटॉपकडे जाणारी हवेतली जोडणी उरलीच नाही. नेहमीसारखे काम करत राहा. तरीही उजवी अक्षरे अडखळत असतील तर दोष दोन भागांच्या मधल्या जोडणीत आहे किंवा उजव्या भागाच्या बॅटरीत आहे, आणि लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये एक मिनिटही घालवायची गरज नाही. केबल लावल्यावर सगळे सुरळीत झाले, तर दोष लॅपटॉपकडच्या जोडणीत. तिथे खूण अशी, की दोन्ही हातांची अक्षरे एकदमच जातात. फक्त डावी अक्षरे जात असतील आणि उजवी येत असतील, तर तो वायरलेसचा दोष असूच शकत नाही, कारण उजवी अक्षरे डाव्या भागातूनच पुढे जातात. अशा वेळी कळेखालचे स्विच, सॉकेट किंवा डाग दिलेले टाके तपासा.

काही जण लॅपटॉपला एक छोटा डोंगल लावतात आणि दोन्ही भाग त्या डोंगलशी बोलतात. तिथे मुख्य भाग म्हणजे डोंगल, आणि डावा-उजवा दोन्ही दुय्यम. तुमचा कीबोर्ड तसा असेल तर वरचा तर्क त्या हिशेबाने फिरवून घ्या.

इन्स्क्रिप्टवर मराठी लिहिणाऱ्यांना दोष आधी दिसतो

इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाण लेआउटची रचना आठवा. जवळजवळ सगळे स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, आणि म, न, व सोडले तर बहुतेक सगळी नेहमीची व्यंजने उजव्या हाताला. क, त, च, ट, प, र, ग, द, ज, ब, ह, ल, स, य हे सगळे उजवीकडे. म्हणजे मराठी लिहिताना हात जवळजवळ प्रत्येक अक्षराला बदलतो: व्यंजन उजवीकडून, मात्रा डावीकडून. इंग्रजीत असे सतत होत नाही.

दोन भागांतली जोडणी निरोगी असताना उजव्या कळेचा निरोप डावीकडे पोचायला जास्तीत जास्त ७.५ मिलिसेकंद लागतात, सरासरी त्याच्या निम्मे. मिनिटाला ३०० कळा दाबणाऱ्याच्या दोन कळांमध्ये सरासरी २०० मिलिसेकंद असतात, त्यामुळे हा उशीर जाणवतच नाही. पण हवेत रेडिओ लहरींचा गोंगाट वाढला की निरोप हरवतो, पुन्हा पाठवावा लागतो, पुन्हा हरवतो. उशीर साचत जातो. तो दोन कळांमधल्या वेळेपेक्षा मोठा झाला, की डाव्या हाताची मात्रा उजव्या हाताच्या व्यंजनाच्या आधी पोचते. ‘किती’ लिहायला जावे तर पडद्यावर आधी टिंबाटिंबांच्या वर्तुळावर लटकलेली वेलांटी दिसते आणि मग ‘क’ येतो. जोडाक्षरांचा पाय मोडायची कळही डावीकडेच असल्यामुळे ‘रक्त’, ‘शक्ती’ असले शब्द हमखास विस्कटतात.

वर्तुळावर लटकणारी मात्रा दिसू लागली, की जोडणी पूर्ण तुटण्याच्या बऱ्याच आधी कळते की काहीतरी बिनसले आहे. मी तपासायला ‘काकी, किती, तारीख, पाटील, गाडी’ हे शब्द वेगाने टाइप करून पाहायला सांगतो. घरातली जागा बदलून, हब काढून, राउटर हलवून प्रत्येक वेळी हेच शब्द लिहायचे. कशाने फरक पडला ते लगेच कळते, अंदाज बांधत बसावे लागत नाही.

एक गोष्ट मात्र वेगळी ओळखा. अक्षरे उलटसुलट होण्याऐवजी मजकूर आपोआप सिलेक्ट होत असेल, खिडकी बंद होत असेल, भलताच शॉर्टकट चालत असेल, तर वायरलेसचा संबंध नाही. अशा कीबोर्डांत बऱ्याचदा मधल्या ओळीच्या कळांवर कंट्रोल, शिफ्ट वगैरे बसवलेले असतात, म्हणजे कळ टिचकीसरशी सोडली तर अक्षर आणि धरून ठेवली तर कंट्रोल. इन्स्क्रिप्टमध्ये डावीकडची मधली ओळ म्हणजे ओ, ए, हलन्त, वेलांटी आणि उकार, मराठीतल्या सर्वांत राबत्या कळा. त्यांवर असे दुहेरी काम लादले की चुका होणारच. मराठी लेखन हेच मुख्य काम असेल तर माझे स्पष्ट मत आहे की या कळांवर काहीही बसवू नये. कंट्रोल आणि शिफ्ट अंगठ्याकडे न्या.

आधी खात्री करा की तो झोपलेला नाही

चहा पिऊन परत आलात, टाइप करू लागलात आणि पहिली दोन-तीन अक्षरे गेली. हा बिघाड नाही. झेडएमकेमध्ये गाढ झोपेची सोय असते. ती चालू असेल तर मूळ सेटिंगप्रमाणे १५ मिनिटे कळ न दाबल्यास तो भाग झोपतो आणि जोडणी सोडून देतो. जागा होण्यासाठी त्याला पुन्हा जोडणी करावी लागते, त्यात पहिले अक्षर हरवते.

यात न कळणारा भाग असा, की उजवा, म्हणजे दुय्यम भाग फक्त आपल्याच कळांवरून वेळ मोजतो. तुम्ही उजव्या हातात माउस धरून डाव्या हाताने शॉर्टकट वापरत पाऊण तास डिझाइनचे काम केले, तर डावा भाग जागा असतो आणि उजवा केव्हाच झोपलेला असतो. मग उजवीकडची कळ दाबली की वाटते, पुन्हा तुटला. डावीकडे कितीही कळा दाबल्या तरी उजवा जागा होत नाही, त्याचीच कळ दाबावी लागते. काम सुरू करताना दोन्हीकडची एकेक निरुपद्रवी कळ, उदाहरणार्थ शिफ्ट, दाबायची सवय लावा, किंवा झोपेची मर्यादा तासाभरापर्यंत वाढवा. यूएसबीची वीज मिळत असलेला भाग झोपत नाही, त्यामुळे डाव्याला केबल लावून काम करणाऱ्यांना फक्त उजवाच ‘बिघडलेला’ वाटतो.

बॅटरी: दोन्ही भागांची वेगवेगळी

डावा चार्ज केला म्हणजे उजवा चार्ज होत नाही. दोघांना आपापली बॅटरी आणि आपापले चार्जिंग. वाचायला हे साधे वाटते, पण उजवा भाग कधीच चार्जिंगला न लावलेले लोक मला भेटले आहेत. दुय्यम भागाला वीज कमी लागते, तो आठवडेच्या आठवडे चालतो, त्यामुळे त्याला बॅटरी आहे हेच विसरायला होते.

दुसरी अडचण स्विचची. जुळवलेल्या कीबोर्डांमध्ये चालू-बंदचा स्विच बहुधा बॅटरी आणि बोर्ड यांच्या मध्ये असतो. स्विच बंद करून रात्रभर केबल लावून ठेवलीत तर बॅटरीपर्यंत वीज पोचतच नाही. चार्ज करताना स्विच चालू हवा.

तिसरी गोष्ट दिव्यांची, आणि बॅटरी लवकर उतरण्याचे सर्वांत मोठे कारण तीच. कॉर्नच्या एका भागात २७ रंगीत एलईडी बसतात. या प्रकारचे दिवे काळे, म्हणजे विझलेले दिसत असतानाही प्रत्येकी अर्धा ते एक मिलिअँपिअर वीज खात राहतात. छोट्या बोर्डाखाली मावणारी बॅटरी साधारण ११० मिलिअँपिअर-तासांची. हिशेब केला तर ती चार-आठ तासांत रिकामी. सकाळी चार्ज केलेला उजवा भाग संध्याकाळी तुटतो आणि आपण ब्लूटूथला दोष देतो. दिव्यांकडे जाणारी वीज पूर्ण तोडण्याची सोय फर्मवेअरमध्ये असते, ती चालू करा. दिवे नसलेला कीबोर्ड घेणे त्याहून बरे. घरी काम करताना आपण कळांकडे पाहतही नाही.

बॅटरी बदलायची वेळ आली तर जोडणाऱ्या तारांची दिशा आधी तपासा. एकाच आकाराच्या कनेक्टरमध्ये लाल आणि काळी तार कोणत्या बाजूला, याला एक ठरलेली रीत नाही, आणि उलटी लागली तर बोर्ड जळतो. आकडा पाहूनही घ्या: ३०१२३० म्हणजे ३ मिलिमीटर जाड, १२ रुंद, ३० लांब. बॅटरी फुगलेली दिसली तर तिच्यावर दाब देऊ नका, चार्ज करू नका, ती काढून ई-कचऱ्याच्या केंद्रात द्या.

टेबलावरचा गोंगाट

झोप नाही, बॅटरी भरलेली आहे, तरी उजवा तुटतो. आता टेबलाकडे पाहा. माझ्या अनुभवात दोष सर्वांत जास्त वेळा इथेच सापडतो, आणि गुन्हेगार असतो तो यूएसबी ३.० चा हब किंवा डॉक.

ब्लूटूथ आणि जुना वायफाय दोन्ही २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. यूएसबी ३.० मध्ये माहिती सेकंदाला ५ गिगाबिट या वेगाने धावते, आणि त्या धावण्यातून निघणारा विद्युत गोंगाट नेमका २.४ ते २.५ गिगाहर्ट्झच्या आसपासही पसरतो. इंटेलने २०१२ साली यावर तांत्रिक टिपणच प्रसिद्ध केले होते. पोर्ट, केबल, पेनड्राइव्ह, बाहेरची हार्डडिस्क, सगळ्यांतून हा गोंगाट गळतो, आणि केबल स्वस्तातली, आवरण नीट नसलेली असेल तर जास्तच. घरून काम करणाऱ्याच्या टेबलावर काय असते ते आठवा: मॉनिटरखाली डॉक, डॉकला हार्डडिस्क, आणि डॉक सरकून सरकून कीबोर्डच्या दोन भागांच्या बरोबर मधल्या रिकाम्या जागेत येऊन बसलेला. ती जागा मोकळी दिसते, पण दोन्ही भागांचे बोलणे तिथूनच चाललेले असते.

डॉक तिथून उचला आणि मॉनिटरच्या मागे, निदान हातभर लांब ठेवा. हार्डडिस्क वापरात नसेल तर काढून ठेवा. मग ‘काकी, किती, तारीख’ लिहून पाहा. मोठी फाइल कॉपी होत असतानाच अक्षरे विस्कटत असतील तर कारण सापडलेच म्हणायचे. डोंगल वापरणाऱ्यांनी तो यूएसबी ३.० पोर्टमध्ये थेट खोचू नये. यूएसबी २.० ची फूट-दोन फुटांची वाढीव केबल लावून तो टेबलावर, कीबोर्डच्या नजरेसमोर ठेवावा.

मग वायफाय. ब्लूटूथच्या या प्रकारात २ मेगाहर्ट्झच्या ४० वाहिन्या असतात, त्यांपैकी ३७ माहितीसाठी. जोडणी सतत एका वाहिनीवरून दुसरीवर उड्या मारते आणि खराब वाहिन्या टाळायला शिकते. त्यामुळे एखाद-दुसऱ्या वायफायने फार बिघडत नाही. पण पुण्यात किंवा ठाण्यात एखाद्या सोसायटीच्या चौथ्या मजल्यावर बसून वायफायची यादी उघडली तर वीस-पंचवीस नावे दिसतात. एक वायफाय वाहिनी २० मेगाहर्ट्झ रुंद असते, आणि काही राउटर २.४ च्या पट्ट्यात ४० मेगाहर्ट्झ घेतात. सगळा पट्टाच जेमतेम ८३.५ मेगाहर्ट्झचा. शेजाऱ्यांचे राउटर आपल्या हातात नाहीत, आपला आहे. लॅपटॉप, फोन, टीव्ही जमेल तेवढे ५ गिगाहर्ट्झवर न्या आणि राउटरच्या सेटिंगमध्ये २.४ ची रुंदी २० वर ठेवा. राउटर कामाच्या टेबलावर असेल तर तो आधी हलवा.

टेबल स्वतः लोखंडी असेल तर? लोखंडी पत्र्याच्या टेबलावर, लोखंडी कपाटाला खेटून बसून काम करणारी घरे आपल्याकडे भरपूर. धातू लहरी परतवतो आणि अडवतो. कीबोर्डखाली लाकडी फळी किंवा जाडसर पॅड टाकून भाग थोडे उचलले तरी कधीकधी फरक पडतो. अ‍ॅल्युमिनियमचे कवच असलेले कीबोर्ड दिसायला देखणे असतात, पण त्यात अँटेनासाठी प्लास्टिकची खिडकी नसेल तर जोडणी मुळातच दुबळी असते.

आणि एक अडथळा आपण स्वतः. शरीरात पाणी भरपूर, आणि पाणी २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी शोषून घेते. टेबलावर दोन्ही भाग समोर असताना प्रश्न येत नाही. पण खांद्याच्या आरामासाठी काही जण दोन्ही भाग खुर्चीच्या हातांवर बसवतात, किंवा मांडीच्या दोन बाजूंना ठेवतात. तेव्हा दोन भागांच्या मध्ये अख्खा माणूस येतो. बसण्याची ही पद्धत खरेच आरामदायी आहे आणि ती सोडा असे मी सांगणार नाही. अशांनी डोंगल घेऊन तो समोर ठेवावा, म्हणजे प्रत्येक भागाला समोरचा मोकळा रस्ता मिळतो.

जुनी ओळख पुसून नवी करणे

उजवा भाग अधूनमधून नव्हे तर कायमचाच जोडला जात नसेल, तर गोष्ट निराळी. एखाद्या भागातला बोर्ड बदलला असेल किंवा फर्मवेअर अर्धवट अद्ययावत झाले असेल, तर दोन भाग एकमेकांना ओळखत नाहीत. ओळख दोन्हीकडे साठवलेली असते, त्यामुळे ती दोन्हीकडून पुसावी लागते.

झेडएमकेच्या बांधणीत सेटिंग पुसणारी एक वेगळी यूएफ२ फाइल मिळते. डावा भाग केबलने जोडा, रिसेटचे बटण पटकन दोनदा दाबा, संगणकावर पेनड्राइव्हसारखी एक ड्राइव्ह उघडते, तिच्यात ती पुसणारी फाइल टाका. मग उजव्यावर तेच. दोन्हीकडचे पुसून झाल्यावरच डाव्यात डावी आणि उजव्यात उजवी फर्मवेअर फाइल टाका. शेवटी दोन्ही भाग चालू ठेवून दोघांचे रिसेट साधारण एकाच वेळी एकदा दाबा. लॅपटॉप आणि फोनच्या यादीतूनही जुना कीबोर्ड काढून नव्याने जोडावा लागेल, कारण त्या ओळखीही पुसल्या गेलेल्या असतात. हा उपाय सर्वांत आधी करू नका म्हणतो ते त्यासाठी: गोंगाटाचा दोष असेल तर याने काहीच साधत नाही, आणि पाचही प्रोफाइल (लॅपटॉप, फोन अशा जोडलेल्या साधनांसाठीच्या जागा) पुन्हा जोडण्याचा व्याप मात्र होतो.

घाईत दोन्ही भागांत डावीच फाइल टाकली गेली तर दोघेही स्वतःला मुख्य समजतात. ब्लूटूथ यादीत एकाच नावाचे दोन कीबोर्ड दिसले की हेच झाले आहे. कळांची मांडणी बदलताना फक्त मुख्य भाग फ्लॅश केला, म्हणजे त्यातच नवी फाइल टाकली, तरी चालते. फर्मवेअरची आवृत्ती बदलताना मात्र दोन्ही भाग एकाच आवृत्तीवर हवेत.

एवढे सगळे करूनही अडखळत असेल तर प्रक्षेपणाची ताकद वाढवता येते. बोर्डावरची नॉर्डिकची चिप मुळात ० डीबीएमवर (डीबीएम हे प्रक्षेपणाच्या ताकदीचे माप) बोलते, ती ८ डीबीएमपर्यंत जाते. कीबोर्डच्या कॉन्फिग फाइलमध्ये एका ओळीची भर, मग दोन्ही भाग पुन्हा फ्लॅश. बॅटरी थोडी जास्त लागेल. जागा आणि हब यांची तपासणी झाल्यावरच हे करावे.

लॅपटॉपकडची जोडणी तुटत असेल तर

दोन्ही हातांची अक्षरे एकदम अडत असतील, आणि तीही फक्त व्हिडिओ मीटिंगमध्ये, तर ब्लूटूथ हेडफोनकडे पाहा. लॅपटॉपमध्ये ब्लूटूथ आणि वायफाय बहुधा एकाच कार्डावर असतात. हेडफोनच्या माइकसह कॉल, २.४ वरचे वायफाय आणि कीबोर्ड अशी तिघांची वाटणी होते. मीटिंगपुरते तारेचे इअरफोन लावा, किंवा डाव्या भागाला केबल.

कीबोर्ड अचानक मेला असे वाटले तर प्रोफाइल तपासा. झेडएमकेमध्ये पाच प्रोफाइल असतात आणि ते बदलायच्या कळा एखाद्या लेअरवर असतात. अंगठा चुकून लागला की कीबोर्ड फोनशी बोलू लागतो. या कळा सहज हात न पोचणाऱ्या जागी हलवा. तसेच कार्यालयाच्या लॅपटॉपवर काम करत असताना घरच्या लॅपटॉपच्या पोर्टमधून चार्जिंग लावले, तर आउटपुट यूएसबीकडे वळून अक्षरे तिकडे जातात. पासवर्ड टाइप करताना हे झाले तर धोक्याचेच. चार्जिंगला साधा अडॅप्टर वापरा.

फर्मवेअरमध्ये माउसच्या कळांसारखी नवी सोय चालू केल्यावर ती चालत नसेल तर लॅपटॉपने जुनी माहिती धरून ठेवलेली असते. तिथे मात्र यादीतून काढून पुन्हा पेअर करणे हा खरा उपाय आहे.

नवा घ्यायचा असेल तर

वरचे सगळे वाचल्यावर काय विचारायचे ते बऱ्यापैकी उघड आहे, तरी काही गोष्टी ठामपणे सांगतो.

‘वायरलेस स्प्लिट’ या नावाखाली काही कीबोर्ड असे विकले जातात, की ते लॅपटॉपशी बिनतारी असतात पण दोन भागांत केबल असतेच. टेबलावर काम करणाऱ्याला हे वाईट नाही. उलट उजवा भाग तुटण्याचा प्रश्नच मिटतो. फक्त घेण्याआधी माहीत हवे. घर दाट वस्तीत असेल आणि कीबोर्ड टेबलावरून हलणारच नसेल, तर पूर्ण तारेचा झेडएसएचा मूनलँडर किंवा व्हॉयेजरही विचारात घ्यावा. मनगटांना आराम मिळतो तो भाग वेगळे झाल्यामुळे आणि त्यांच्या उतारामुळे. तार असली-नसली तरी त्यात फरक पडत नाही.

पूर्ण बिनतारी हवाच असेल तर यूएसबीने चालण्याची सोय असलेलाच घ्या. बिटलॉकरचा (विंडोजमध्ये डिस्क कुलूपबंद ठेवणाऱ्या सोयीचा) पिन विचारणाऱ्या पडद्यावर ब्लूटूथ कीबोर्ड चालत नाही, आणि तो पडदा कार्यालयाच्या लॅपटॉपवर रोज सकाळी येऊ शकतो. काही कार्यालये ब्लूटूथच बंद ठेवतात, काही अनोळखी यूएसबी साधने अडवतात. पैसे भरण्याआधी आयटी विभागाला विचारा.

रिसेटचे बटण कवच न उघडता दाबता येते का, बॅटरी बदलता येते का, फर्मवेअर मुक्त आहे का, हे विचारा. विक्रेत्याला या प्रश्नांची उत्तरे देता येत नसतील तर दुसरीकडे जा. परदेशातून मागवत असाल तर लिथियम बॅटरीच्या हवाई वाहतुकीवर निर्बंध असतात. जुळवायचे सुटे भाग अनेकदा बॅटरीशिवायच येतात आणि बॅटरी इथेच घ्यावी लागते.

कळांची संख्या मराठी लिहिणाऱ्याने स्वतःच्या लेआउटवर तपासावी. इंग्रजीत लिहिणारे ४२ कळांच्या कॉर्नवर खूश असतात. इन्स्क्रिप्टमध्ये ‘ड’ आणि ‘ढ’ चौकटी कंसाच्या कळेवर बसतात, ‘ऑ’ची खूण उलट्या तिरप्या रेघेच्या कळेवर, ‘ऋ’ची मात्रा बरोबरच्या चिन्हाच्या कळेवर, आणि ‘ज्ञ’, ‘क्ष’, ‘त्र’, ‘श्र’ शिफ्ट धरून आकड्यांच्या ओळीत. ४२ कळांत यांतले एकही मूळ लेअरवर राहत नाही. ‘गाडी’, ‘डॉक्टर’, ‘कृपया’, ‘ज्ञान’, प्रत्येकासाठी लेअर बदलायचा म्हणजे ज्या बोटांना आराम द्यायला कीबोर्ड घेतला त्यांनाच कसरत. आकड्यांची ओळ असलेला, ५८ किंवा त्याहून जास्त कळांचा घ्या: लिली५८, सोफले, किंवा ८० कळांचा ग्लोव्ह८०. ४२ चा आधीच घेतला असेल तर उजव्या वरच्या कोपऱ्यातली कळ, जिथे सहसा बॅकस्पेस असते, ती ‘ड’ला द्या आणि बॅकस्पेस अंगठ्याकडे आणा.